तो एक ‘न’

वाई

चि. सायली,


परवाचं तुझं बोलणं मनातून जात नाही. “आत्या, निबंधात चॅटजीपीटीनं सुचवलेले बारा संदर्भ दिले होते, त्यातले तीन ग्रंथालयात सापडतच नाहीत,” म्हणालीस. आणि लगेच, “पण नावं किती खरी वाटतात गं!” त्या ‘खरी वाटतात’नं माझी झोप उडाली.

तू विचारलंस, चॅटजीपीटीची मदत घेतली तर ती कॉपी होते का? विचारून समजून घेतलंस तर नाही. त्यानं लिहिलेलं स्वतःच्या नावावर दिलंस तर होते, आणि सरांपासून लपवलंस तर ती फसवणूक. एवढंच उत्तर हवं असेल तर पत्र इथेच मिटून ठेव. पण तू तशी नाहीस.

अगं, ते यंत्र कपाटातून पुस्तक काढून तुला पान दाखवत नाही. आधीच्या शब्दांना पुढे कोणता शब्द शोभेल, हे जोखत ते वाक्य रचतं. म्हणून लेखक, साल, पृष्ठ क्रमांक सगळं शोभून दिसतं आणि पुस्तक मात्र कुणी लिहिलेलंच नसतं. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी असेच कधी न झालेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलर दंड भरला. ते तर मुरलेले वकील होते. तू एस.वाय.ला आहेस.

आणि विषय कोणता घेतलास, तर इतिहास! इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा. त्यातली पत्रं याच वाईत सापडली. पुढे गावोगाव हिंडून, दप्तरं उलगडून त्यांनी एकूण बावीस खंड काढले. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कागद पाहिला म्हणून लिहायचं, ही आपल्याकडची शिस्त त्या पायपिटीतून आली आहे.

मी मोडी लिपी शिकत होते तेव्हा एका पत्रापाशी तीन दिवस अडले होते. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. एक ‘न’ मी मागच्या शब्दाला जोडून वाचत होते, त्यामुळे पैसे पोचले असा अर्थ लागत होता. तिसऱ्या दिवशी तो ‘न’ सुटला. पैसे पोचलेच नव्हते, ती तक्रार होती. अख्खं पत्र उलटं झालं. तेव्हापासून कुठलाही कागद हाती आला की त्यात नकार कुठे आहे, ते मी आधी बघते. त्या यंत्रानं तुला करून दिलेल्या दहा ओळींच्या सारांशात असा ‘न’ गळला तर तुला कळणार कसं? मूळ तू वाचलेलंच नाहीस.

वापरू नकोस असं मी म्हणत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी ग्रंथातला जड परिच्छेद रात्री अकराला कुणी सोपा करून सांगत असेल, तर सांगू दे. आमच्या वेळी तसं कुणी नव्हतं, आणि त्यापायी हुशार मुली मागे पडल्या. पण आधी मूळ वाच. उत्तर वहीत स्वतः लिही, मोडकंतोडकं का होईना. मग त्या यंत्राला म्हण, यातले कच्चे दुवे दाखव, मला उलटे प्रश्न विचार. आणि मदत कुठे घेतली ते निबंधाखाली लिहून टाक. आजोबांची शाईची वही तुझ्याकडेच आहे ना? ती कोरी ठेवायला दिली नव्हती.

आणखी एक बोचतंय. खोलीतल्या मैत्रिणीशी भांडण झालं, तेही रात्री दोनला तू त्या यंत्रालाच सांगत बसलीस. का गं? मला फोन करायचास. तुझ्या बाबांना नाही कळवलेलं, पण डबा न खाता परत जातो हे मला कळलंय. डोळे लाल, पोटात अन्न नाही, मग डोकं चालणार कसं?

शनिवारी इकडे ये. त्याआधी सरांकडे जा, आणि ते तीन संदर्भ खोटे आहेत हे स्वतःच्या तोंडानं सांगून मागे घे.

तुझी,
आत्या