दुरा गावातलं चर्च झालेलं घर

चर्च म्हटलं की आपल्याला वसईची नाहीतर गोव्याची चर्चं आठवतात. पांढरीशुभ्र दर्शनी भिंत, वर घंटा, आत उंच छत. सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपस नावाच्या उजाड गावात जे चर्च सापडलं, त्याला यातलं काहीच नाही. ते एक साधं कच्च्या विटांचं घर आहे. मध्ये चौक, चौकाभोवती खोल्या, अगदी आपल्या वाड्यासारखं. बाहेरून जाणाऱ्याला आत काय चालतं ते कळलंही नसतं. पण कालनिश्चिती पक्की झालेल्या सर्वात जुन्या चर्चमध्ये त्याची गणना होते.

काळ कसा कळला, ते मला फार आवडलं. भिंतीचा गिलावा ओला असताना कोणीतरी त्यावर वर्षाचा आकडा कोरून ठेवला. त्यांच्या सेल्युकिड कालगणनेतलं वर्ष, म्हणजे साधारण आपलं इ. स. २३२-३३. म्हणजे घर तेव्हाचं. पुढे दहाएक वर्षांनी ख्रिस्ती मंडळींनी त्यात फेरफार केले. दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसं बसतील असा एक लांब दिवाणखाना केला आणि त्याच्या एका टोकाला लहानसा चौथरा बांधला. एका कोपऱ्यातली छोटी खोली बाप्तिस्म्यासाठी ठेवली. तिथे न्हाणीसारखं कुंड, त्यावर खांबांची कमान, आणि छताला गडद निळा रंग देऊन चांदण्या काढलेल्या. गंमत म्हणजे जिथे सगळे जमायचे तो दिवाणखाना कोराच. सगळी चित्रं त्या छोट्या खोलीत. मला वाटतं, पैसे बेताचे असणार. आपल्याकडेही आधी देवघर रंगवतात, पडवीचं पुढल्या वर्षी बघू म्हणतात!

हे गाव उजेडात आलं त्यात आपलाही एक धागा आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० च्या मार्चमध्ये ब्रिटिशांच्या हिंदी फौजेचे शिपाई तिथे तळ ठोकून होते. खंदक खणताना एका देवळाची रंगीत भिंत उघडी पडली. पुस्तकांत नाव येतं ते कॅप्टन मर्फी यांचं. कुदळ मारणारा शिपाई निनावीच राहिला. असो. मग शिकागोचे प्राध्यापक ब्रेस्टेड तिथे पोचले. फौज माघार घेणार होती, त्यामुळे त्यांच्या हाती फक्त एक दिवस होता. त्या एका दिवसात त्यांनी फोटो काढले, मापं घेतली, टिपणं केली, आणि १९२४ साली त्यावर पुस्तक काढलं. पुढे येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमीने १९२८ ते १९३७ अशी दहा हंगाम खोदाई केली. त्यात १९३२ च्या सुमारास हे घर निघालं.

कच्च्या विटांचं घर सतराशे वर्षं टिकलं कसं? तर ते गाडलं गेलं म्हणून. इ. स. २५६ च्या सुमारास इराणच्या ससानी राजाच्या फौजेने गावाला वेढा घातला. पश्चिमेची तटबंदी पडेल या भीतीने रोमन सैनिकांनी तटाला लागून असलेला रस्ता आणि त्याच्या कडेची घरं मातीने भरून टाकली. त्या भरावात हे चर्च गेलं. त्याच रस्त्याला ज्यूंचं सभागृह होतं, तेही गेलं. मिथ्राचं देऊळही गेलं. थोड्याशा अंतरात तीन धर्मांची माणसं नांदत होती, आणि तिघांच्याही भिंती एकाच मातीने झाकल्या. भराव तटाकडे उंच आणि गावाकडे उतरता होता, म्हणून तटाजवळच्या भिंती उंच शिल्लक राहिल्या.

गाव मात्र वाचलं नाही. ससानींनी तटाखालून भुयार खणलं. ते अडवायला रोमनांनी दुसरं खणलं. त्यात वीसेक रोमन सैनिकांचे सांगाडे सापडले. ब्रिटिश संशोधक सायमन जेम्स यांनी २००९ साली मत मांडलं, की गंधक आणि डांबर जाळून केलेल्या विषारी धुराने ते मेले. वेढ्याचं वर्णन एकाही जुन्या लेखकाचं आपल्यापर्यंत आलेलं नाही. जे कळलं ते मातीकडून. गाव पुन्हा वसलंच नाही.

आता चित्रं. एका भिंतीवर खाटेवर पडलेला आजारी माणूस, शेजारी येशू हात पुढे करून उभा, आणि लगेच तोच माणूस बरा होऊन खाट पाठीवर घेऊन चाललेला. येशूला दाढी नाही, अगदी तरणा पोरगा दिसतो. काळ ठाऊक असलेल्या त्याच्या सर्वात जुन्या चित्रांपैकी हे एक. शिवाय पाण्यावर चालणारा पेत्र आहे, मेंढपाळ आहे, हातात दिवट्या घेतलेल्या बायकांची रांग आहे. विहिरीवर वाकून पाणी काढणारी एक बाई आहे. ती बायबलमधली शोमरोनी स्त्री, असं सगळे धरून चालले होते. मायकेल पेपर्ड नावाच्या अभ्यासकाने २०१६ मध्ये म्हटलं, ही मरिया असू शकेल. वाद चालू आहे. मला तो वाद सुटला नाही तरी चालेल. पाणी शेंदताना मान वळवून कोणाकडे तरी बघणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

आणि भिंतीवर कोणीतरी ओरखडून लिहिलंय, प्रॉक्लसची आठवण ठेवा. तसंच सिसिओस नावाच्या कोणाचंही.

ही चित्रं कापून अमेरिकेत नेली. आज ती येल विद्यापीठाच्या कलादालनात आहेत, आणि खोदताना दिसली त्यापेक्षा कितीतरी फिकी. सभागृहाची चित्रं दमास्कसच्या संग्रहालयात राहिली. एके काळी मी म्हटलं असतं, ज्याचं त्याच्या गावी असावं. अजूनही मनातून तसंच वाटतं. पण २०११ नंतरच्या यादवीत दुराची जमीन चोरांनी हजारो खड्डे पाडून चाळणी केली. उपग्रहाच्या छायाचित्रात ते देवीच्या व्रणांसारखे दिसतात. त्यांच्या तडाख्यात ही भिंत सापडली असती तर? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि माझ्याच्याने त्यांचा मेळ बसत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण घरच्यांना कळलं असेल. गावचं घर दिवाळीनंतर उतरवायचं ठरलंय. माझा विरोध नाही. वासे किडलेत, आणि तिथे राहणारं कोणी उरलं नाही. पण माजघराच्या खांबावर आम्हा भावंडांच्या उंचीच्या खुणा आहेत, आणि चुलीमागच्या भिंतीवर आजीने कोळशाने मांडलेला दुधाचा हिशेब आहे. एकदा चुना दिला, तरी तो खालून वर आलाच. ब्रेस्टेडसाहेबांना एक दिवस मिळाला होता, आपल्याला दिवाळीचे चार आहेत. पोरांनो, प्रत्येक खोलीचे फोटो काढा, चौकासकट नकाशा करा, कोणत्या खोलीत कोण जन्मलं ते मी सांगते, ते लिहून घ्या. आणि येताना मोठी टेप आणा. माझ्याकडे आहे ती शाळेतली लाकडी मीटरपट्टी.