नानांचा मचवा आणि संगमाचं पाणी

सातवीच्या वर्गात 'नाखुदा' हा शब्द आला. नाव म्हणजे होडी, खुदा म्हणजे धनी. मराठीतला 'नाखवा' यातूनच आला, हेही मी सांगितलं. मागच्या बाकावरचा एकजण उठला, "टीचर, पुने में नाव किधर है?"

पुण्यात नाव आहे. संगमाजवळ मुळेच्या काठी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे, 1928 सालचा. महाविद्यालय 1854 चं. 2022 मध्ये त्याचं तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. बी.एड. करत असताना मैत्रिणीसोबत तिथली रेगाटा पाहिली होती. होड्यांनी पाण्यावर धरलेला बाणाचा आकार, कयाकचा बॅले, अंधार पडल्यावर मशाली. खरं सांगायचं तर टाळ्या थांबल्या की ओढणी पुन्हा नाकाला लावावी लागत होती.

माझे नाना कोकणात मचवा चालवायचे. पावसाळ्यात तो वर ओढून झापांनी शाकारायचे. ते गेले त्या वर्षी मामूंनी मचवा नेहमीसारखा शाकारला आणि पुन्हा पाण्यात सोडलाच नाही. नानांची निशाणी, जपून ठेवायची! दोन उन्हाळ्यांत लाकूड सुकलं, फळ्यांचे सांधे उघडले. शेवटी तो सरपणात गेला. अम्मी त्या दिवशी जेवली नव्हती.

म्हणून बोट क्लब जपायला हवा असं कुणी म्हणालं की मला आधी त्या झापा आठवतात. भिंती रंगवता येतील, जुन्या होड्या टांगून ठेवता येतील. पण पाणी? तिथे वल्ही मारण्याइतकं पाणी साचून राहतं ते खालच्या बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे. शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी मोठी रक्कम दिली. बंधारा 1850 मध्ये पुरा झाला. आपल्या भाषेत सदका-ए-जारियाच. पिण्यासाठी अडवलेल्या त्या पाण्यावर आज जलपर्णी माजते. मार्च 2022 मध्ये नदीकाठ सुधार प्रकल्पाची पायाभरणी झाली. काठ देखणा होईलही. वल्ह्याला मात्र काठ पुरत नाही. आणि वारसा म्हणायचं तर वारिस कोण? अर्थात हे आम्ही वारज्याच्या लोकांनी बोलायचं म्हणजे थोडं अवघडच. आमची मुठा खाली जाऊन त्याच संगमावर मुळेला मिळते, आणि आम्ही तिच्यात काय काय सोडतो ते आम्हाला ठाऊक आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर चार-पाच मुलांना, घरी विचारून, वारज्याच्या काठावर नेलं. म्हटलं, हे पाणी नावांपर्यंत जातं. प्रश्न विचारणाऱ्यानं लगेच वहीचं पान फाडलं. वही गणिताची होती, मी रागावले नाही. कागदाची होडी हातभर गेली आणि जलपर्णीत अडकली.

"चलो, देर हो रही है," मी म्हटलं.

"रुको ना टीचर," म्हणत तो काठी शोधायला गेला.