अण्णांचा घडा

राजापूरला पाहुणा आला की त्याला काय काय दाखवायचे, हे आम्हा राजापूरकरांचे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. आधी धूतपापेश्वर, मग उन्हाळ्याचा गरम पाण्याचा झरा, आणि पाहुण्याचे नशीब जोरावर असेल तर गंगा! ही गंगा काही नळाला पाणी यावे तशी येत नाही. साधारण तीन वर्षांनी, मर्जीला येईल तेव्हा, ती चौदा कुंडांतून प्रकटते आणि एक दिवस न सांगता निघून जाते. इंग्रजांनी १६४९ साली येथे वखार घातली, १६६१ साली शिवाजी महाराजांनी त्या वखारीला खणती लावली. पण गंगेला वेळापत्रक लावून देणे मात्र कोणालाच साधले नाही.

आमच्या घरी पाहुण्याला आणखी एक वस्तू दाखवीत. ती म्हणजे माजघराच्या कोपऱ्यातला अण्णांचा घडा. आमचे वडील, अण्णा, वैद्यकी करीत. मनुकांचा काढा, गूळ, मध आणि धायटीची वाळलेली फुले तुपाचा हात फिरवलेल्या घड्यात घालायची, तोंडावर कापडमाती करायची आणि महिनाभर वाट पाहायची. मधूनमधून अण्णा घड्याला कान लावीत. आत बुडबुड ऐकू आली तर म्हणत, "अजून बोलतो आहे." आवाज थांबला की तोंड उघडून आत पेटती काडी धरीत. काडी विझली तर काम अपुरे, तेवत राहिली तर द्राक्षासव तयार! आंबण्याच्या क्रियेत निघणारा वायू काडी विझवतो, हे शास्त्र मला पुढे शाळेत कळले. पनवेलच्या १८७२ सालच्या प्रसिद्ध औषधी कारखान्याने नाव घेतले ते धूतपापेश्वराचेच. तेव्हा आसवे-अरिष्टे आमच्या गावाला परकी नाहीत. दोन चमचे औषध, तेही जेवणानंतर. त्याला दारू म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

ही सारी आठवण निघाली ती गेल्या दिवाळीत. वहिनी चकल्या तळीत होत्या. माझा पुतण्या, शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन आलेला, माझ्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "काका, मी वाइन करायची म्हणतो."

वहिनींच्या हातचा झारा कढईवरच थांबला.

"वैद्याच्या घरात दारू? भावजी, ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. पण पोराचे म्हणणेही खोटे नव्हते. चैत्र-वैशाखात आमच्या बागेत काजूच्या झाडाखाली उभे राहून पाहा. बी काढून घ्यायची आणि बोंडू तिथेच टाकायचा. गळलेला बोंडू दिवसभरात आंबतो आणि बागभर त्याचा वास सुटतो. पलीकडे गोव्यात हाच बोंडू तुडवून त्याचा रस भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. त्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्याकडे मात्र मुंग्यांची दिवाळी!

"बोंडवाची वाइन होईल की नाही, ते नंतर पाहू," मी म्हणालो, "आधी करणारी माणसे पाहू." फेब्रुवारीत आम्ही काकापुतणे नाशिकला गेलो.

वाचकहो, वाइनचा कारखाना म्हटल्यावर मी धुराडे शोधीत होतो. प्रत्यक्षात पाहिले ते शेतच. युरोपात द्राक्षाचा वेल थंडीत झोपतो. आपल्याकडे त्याला झोपच नाही. म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर फळछाटणी. तोडणी जानेवारी ते मार्च. लिटरभर रसातल्या सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क होतो. त्यामुळे घड कधी तोडायचा, यावरच पुढचे सारे अवलंबून.

या धंद्यातली माणसे मोठी नमुनेदार. नारायणगावच्या शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन काढून परदेशी पाठवली. पुढे तो व्याप इतका वाढला, की कर्जाच्या भाराने कोसळला. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले; त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि आईच्या सुलभा या नावावरून तिला 'सुला' नाव मिळाले. ती आता थोरल्या घरची झाली. पण माझे मन रमले ते धाकट्या घरांत. निफाडजवळ कुंदेवाडीच्या यतीन पाटलांनी इटलीच्या जाती नाशिकच्या मातीत लावल्या, का, तर माती काय उत्तर देते ते ऐकावे म्हणून. गंगापूर धरणाजवळच्या 'यॉर्क'चे कैलास गुरनानी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ही विद्या शिकून घरी परतले. मुकणे धरणाकाठी शैलेंद्र पै यांनी 'व्हॅलोने' उभारले. तेथे वाइन घडवणारे संकेत गावंड. तिथे वेलीवरच सुकत चाललेल्या, मनुकांकडे झुकलेल्या द्राक्षांची गोड वाइन करतात, हे कळले तेव्हा मला अण्णांचा घडाच आठवला.

धाकट्यांची वाट सोपी नाही, हेही मी लिहून ठेवतो. नवा वेल पहिली दोन-तीन वर्षे नुसता खातो. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, सवलती दिल्या, तसे कारखाने भराभर निघाले. त्यातले कित्येक बंद पडले. 'यॉर्क' २०२१ साली 'सुला'नेच विकत घेतले.

एका लहानशा मळ्यावर (नाव सांगत नाही, कारण त्या गृहस्थांनी गप्पा मारल्या, मुलाखत दिली नव्हती) पुतण्याने विचारले, "यशाचे गमक काय?" ते हसले. "सुगरणीची आमटी बिघडली तर ती संध्याकाळी दुसरी करते. मला वर्षातून एकच आमटी करता येते. हयातीत फार तर पस्तीस हंगाम. त्यातले पाच शिकण्यात गेले, दोन पावसाने नेले. म्हणून मी घाई करीत नाही आणि द्राक्षाला माझे शहाणपण शिकवीत नाही." एवढे बोलून ते पोलादी टाकीजवळ गेले. टाकीची नळी पाण्यात सोडलेली होती आणि तिच्यातून बुडबुडे येत होते. त्यांनी कान लावला.

"अजून चालू आहे," ते म्हणाले.

मी पुतण्याकडे पाहिले. त्याने अण्णांना पाहिलेले नाही. त्यांचे घड्याला कान लावणे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पोरगा त्या टाकीकडे असा पाहत होता, की मला उगीचच गहिवरून आले.

परत आल्यावर वहिनींना मी सगळे सांगितले, काही लपवले नाही. वाइन ही शेवटी दारूच. दोन चमच्यांवर थांबणारा अण्णांसारखा वैद्य प्रत्येक घरात नसतो, हेही सांगितले. परवान्याशिवाय केली तर गुन्हा, आणि बोंडवाच्या तुरट रसाला द्राक्षाचा मान मिळायला वर्षे लागतील, हेही. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षे तिथे उमेदवारी करू दे. मग बघू."

तो त्याच मळ्यावर राहिला आहे. मार्चमध्ये त्याचा फोन आला, आवाज थोडा उतरलेला. "काका, वाइन कसली! पहाटेपासून नुसत्या टाक्या धुतो आहे."

वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला. "नीट धू," त्या म्हणाल्या. "मामंजीही आधी सहा महिने घडाच धुवायला लावीत."