अकरा अंकांतली रेघ

फोनच्या कोडमध्ये ०२४१ म्हणजे नगर शहर, पुढे सात आकडे. ०२४२५ म्हणजे संगमनेर, पुढे सहा. शून्य धरून दोन्ही अकराच भरतात. त्यामुळे इथल्या एखाद्या पतसंस्थेची जुनी सभासद यादी नीट लावायला घेतली, की नुसती लांबी मोजून भागत नाही. चौथा अंक बघावा लागतो. तिथे १ असेल तर कोड आणि नंबर वेगळे करणारी रेघ त्याच्यानंतर. २ किंवा ८ असेल तर आणखी एक अंक सोडून. अकोले ०२४२४, राहुरी ०२४२६, पारनेर ०२४८८, कर्जत ०२४८९. जिल्हा आता अहिल्यानगर झाला, कोड तेच राहिले.

अपडेटची क्वेरी मी आधी चालवत नाही. आधी प्रत्येक अंकाच्या जागी एकच खूण ठेवून किती प्रकारचे आकार निघतात ते मोजतो. मधे मोकळी जागा, कंस, तिरकी रेघ, कुठे देवनागरी अंक. शून्य ते नऊ शोधणाऱ्या साध्या पॅटर्नला हे देवनागरी अंक दिसतच नाहीत. आधी बदलून घ्यावे लागतात. सुरुवातीचे ९१ सरसकट उडवणं तर घातक, कारण दहा अंकी मोबाइल नंबरही ९१ने सुरू होऊ शकतो. एकूण अंक बारा असतील आणि तिसरा ६ ते ९ मधला असेल, तर ते मोबाइलपुढचे ९१ देशाचे.

सगळ्यात जपायच्या त्या ‘पी.पी.’च्या नोंदी. घरात फोन नसायचा तेव्हा लोक शेजारच्या दुकानाचा नंबर देत आणि पुढे पी.पी. लिहीत, फोन आला की कुणीतरी हाक मारायला जाई. अंक सोडून बाकी सगळं गाळणारी क्वेरी एका ओळीची असते, पण ती हा शेरा पुसते आणि थकबाकीची गोष्ट परक्याच्या गल्ल्यावर जाऊन पोचते. म्हणून मूळ कॉलमला मी हात लावत नाही. नीट केलेला नंबर शेजारच्या नव्या कॉलममध्ये. चार सभासदांपुढे एकच नंबर दिसला तरी त्याला लगेच डुप्लिकेट म्हणत नाही.

कोड न लिहिलेले सहा आकडे तालुक्यावरून जुळवता येतात. राहात्यात मात्र तेही जमत नाही: शिर्डी ०२४२३, लोणी ०२४२२, तालुका एकच. तिथे गावाचा कॉलम बघतो, आणि तो रिकामा असला तर ती नोंद तशीच ठेवून शाखेतल्या माणसाला विचारतो.