ईट गावच्या पत्त्यावर

पोहरादेवी, शनिवार

तीर्थरूप आईस,

सुखरूप पोचलो. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीवर डोकं टेकवलं. ५ ऑक्टोबर २०२४ ला उघडलेलं इथलं बंजारा संग्रहालयही पाहिलं. इमारतच नगाऱ्याच्या आकाराची. बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून बंजाऱ्यांनी दख्खन पालथं घातलं, फौजांना रसद पुरवली. रेल्वे आली नि लदेणी, म्हणजे ही बैलांवरची मालवाहतूक, बसली. मला मात्र त्यांच्या बायकांनी भरलेल्या पिशव्यांनीच धरून ठेवलंय. त्या बघायला आता संडूरला निघतो.

संडूर (जि. बळ्ळारी), बुधवार

ती. आईस,

इथं खाणींची तांबडी धूळ अंगावरून हटत नाही. पण लमाणी, म्हणजे इथल्या बंजारा, बायकांचं भरतकाम बघ! २०१० साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ मध्ये जी-२० बैठकीच्या वेळी हंपीला १,७५५ नग मांडून त्यांनी जागतिक विक्रम केला.

एका आजीबाईंनी त्यांची जुनी पिशवी हातात दिली. चौकोनी कापडाची तीन टोकं मधोमध आणून शिवलेली, चौथं टोक पाकिटासारखं वरून येतं. काठाला कवड्या, कोपऱ्यांना गोंडे. छापा नाही, खडूची रेघ नाही. कापडाचे धागे मोजत सुई घालायची. टाक्यांना किलन, वेले, माकी अशी नावं. तुझ्या वाकळेचा धावदोरा यापुढं फारच सरळमार्गी.

नक्षीचा अर्थ विचारशील. कवडी म्हणजे लक्ष्मी, तुळजापूरच्या आराधिणींच्या गळ्यात असते तीच. आरसा वाईट नजर परतवतो. यापलीकडं दुकानदार प्रत्येक चौकटीचं तत्त्वज्ञान सांगतात, ते मला गिऱ्हाईकासाठी रचलेलं वाटतं. याउलट दूर कोलंबियात ग्वाहिरा नावाच्या रखरखीत मुलखात वायू जमातीच्या बायका सूत विणून पिशव्या करतात. विणकाम त्यांना जाळं विणणाऱ्या कोळिणीनं शिकवलं म्हणे. मुलगी वयात आली की तिला घरात बसवून ते शिकवतात. त्यांच्या नक्ष्यांची नावं कासवाची पाठ, माशाचा डोळा अशी. एक तर गाढविणीच्या मागच्या अंगावरून. हे आत्याला वाचून दाखवू नकोस. रोज जे दिसतं तेच विणायचं, हा अर्थ मला जास्त पटतो.

आजीबाईंची पिशवी काही मागितली नाही, त्यांच्या सुनेनं भरलेली विकत घेतली. घासाघीस केली नाही म्हणून रागावू नकोस. ती काचेच्या कपाटात ठेवायची नाही. तुझी सुपारी नि अडकित्ता तिच्यातच राहू दे. रविवारी बार्शीच्या गाडीनं येतो.