गादीवरून खुर्चीवर

खुब्याचे दुखणे खुब्यातच जाणवते असे नाही. अहिल्यानगरच्या आडते बाजारात चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या एका धान्यव्यापाऱ्याने दोन वर्षे गुडघ्याला तेल चोळले, आणि झीज निघाली खुब्यात. घरी त्यांना बाबूजी म्हणतात. मोजे घालणे, रिक्षात चढणे, रात्री कूस बदलणे, सारे हळूहळू दुसऱ्याच्या हातावर आले. तरी शस्त्रक्रियेस होकार मिळेना. भीती भुलेची नव्हती, खर्चाची तर नव्हतीच. नव्या सांध्यानंतर जमिनीवर बसणे बहुधा सोडावे लागेल, हे डॉक्टरांचे एकच वाक्य त्यांना अडवीत होते.

बाहेरच्यास ही अट किरकोळ वाटेल. परंतु पेढीची गादी, स्थानकातील आसनावरचे 48 मिनिटांचे सामायिक, साधुसाध्वींपुढे गुडघे टेकून केलेली वंदना, पारण्याची पंगत, असे ज्याचे सारे आयुष्य जमिनीला धरून गेले, त्यास भिंतीकडेची खुर्ची म्हणजे आपल्या माणसांतून उठून जाणे वाटते.

आजचा खुबाबदल आला तो खुर्चीच्या देशांतून. इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये धातूचा लहान गोळा आणि पॉलिएथिलीनची उखळी यांची जोडी बसविली व तेथून या शस्त्रक्रियेस स्थैर्य आले. रुग्ण किती सुधारला हे मोजण्यासाठी अमेरिकेचे विल्यम हॅरिस यांनी 1969 मध्ये 100 गुणांची पट्टी मांडली. तीत वेदनेस 44 गुण, खुर्चीवर बसण्यास 5, बूटमोजे घालण्यास 4. मांडी घालण्यास मात्र एकही गुण नाही! आपल्या घरांतील सुखाचा मोठा भाग त्या पट्टीत मोजलाच जात नाही.

मनाईचे कारण मात्र खरे आहे. सांधा मागच्या बाजूने उघडला असेल, तर पहिले काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवू नये, पाय आत वळवू नये, पायावर पाय टाकू नये. गोळा उखळीतून निसटू शकतो. पुढे काही सर्जन मांडीची मुभा देतात, काही देत नाहीत. हे आपल्याच सर्जनला शस्त्रक्रियेपूर्वी विचारावे, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये.

कायोत्सर्ग उभ्याने, बसून, प्रसंगी निजूनही करता येतो, याची आठवण सूनबाईंनी दिली तेव्हा बाबूजी राजी झाले. दुसऱ्याच दिवशी ते वॉकर धरून उभे राहिले. टाके दुखत होते, पण जुनी कळ नव्हती. मग काठी आली, तीही दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. दशवैकालिक सूत्रात चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे यतनेने करावे असे सांगितले आहे; फिजिओथेरपिस्टची यादी नेमकी तीच निघाली, याचे त्यांना फार हसू आले.

तीन महिन्यांनी ते स्थानकात पायी गेले. सामायिक खुर्चीवर झाले. पंगतीत खाली बसलेल्यांकडे पाहून अजूनही त्यांचा जीव थोडा खट्टू होतो, ते लपवीत नाहीत. रात्रीची झोप मात्र सलग लागते.

खुब्याचे सुमारे 58 टक्के कृत्रिम सांधे 25 वर्षे टिकतात, असे 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. बाबूजींचे वय 68. त्यांनी मनाशी हिशेब केला, आणि पेढीसाठी हातांची उंच खुर्ची सागवानात करून घेतली.