अवेळी गेलेली वीज

ज्यांनी २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी राहून भारनियमन सोसले, त्यांना अंधाराचे भय फारसे वाटले नाही, असे मी निश्चयपूर्वक म्हणेन. कारण कंदिलाची काच राखेने पुसणे, चिमणीची वात कातरणे आणि शिधापत्रिकेवरील रॉकेल महिनाअखेरपर्यंत पुरवणे या गोष्टी आमच्या पिढीच्या हातांना विजेच्या बटणापूर्वीच ठाऊक झाल्या होत्या. मनाला पोखरीत असे ते निराळेच. पंखा मंदावत मंदावत थांबला, की त्याच्या घरघरीखाली दडलेले सारे आवाज, म्हणजे भिंतीवरचे घड्याळ, शेजारच्या घरातला खोकला, वेशीकडची कुत्री, एकाएकी उघडे पडत आणि त्या क्षणापासून घरातील प्रत्येक माणूस, तोंडाने काही न बोलता, एकच प्रश्न उराशी धरून बसे: आता केव्हा येणार?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर भारनियमनाचे वेळापत्रक छापून येई, आणि ते कापून दिनदर्शिकेशेजारी चिकटवले जाई. त्या कागदाच्या कपट्याने आम्हांला केवढा धीर दिला! वीज तासन्‌तास नाही, ही आपत्ती खरीच. परंतु ती अमुक वेळी जाते आणि अमुक वेळी येते एवढे ठाऊक असले, म्हणजे मनुष्य तिच्याभोवती आपला संसार मांडून घेतो. गिरणीत दळणाचे डबे आदल्या रात्रीच रांगेला लागतात, नळयोजनेचे पंप चालू आहेत तोवर हंडे-घागरी भरल्या जातात, मिक्सर बाजूला सारून पाटा-वरवंटा पुढे ओढला जातो आणि परीक्षेला बसणारा मुलगा पहाटे उठण्याचा नेम धरतो. नियत गैरसोयीला मन लवकरच शिरस्त्याचा दर्जा देऊन टाकते आणि मग तिच्याविषयी त्याची तक्रार उरत नाही.

यातना होती ती वेळापत्रकाबाहेर गेलेल्या विजेची. कोठे डीपीतला फ्यूज उडालेला असे, कोठे तारेवर फांदी कोसळलेली असे, कोठे वरूनच हुकूम आलेला असे. यांपैकी नेमके काय घडले ते सांगणारा कोणी नसे. उपकेंद्राचा दूरध्वनी एक तर लागत नसे, आणि लागलाच तर ‘येईल थोड्या वेळात’ एवढ्याच उत्तरावर बोळवण होई. ज्याच्या गाडीची वेळ कोणालाच सांगता येत नाही अशा एस.टी. स्थानकावरील प्रवाशासारखे मन तेव्हा होऊन जाई: त्याला धड बसवत नाही आणि धड निघूनही जाववत नाही. दर पाच मिनिटांनी आशा जागी व्हायची, दर पाच मिनिटांनी ती विझायची. आणि या खालीवर होण्याने थकलेल्या माणसाचा संताप, ज्याच्यावर निघायला हवा तो समोर नसल्यामुळे, सर्वांत जवळ जो असेल त्याच्यावर निघे. अशा रात्री किती मुलांनी विनाकारण धपाटे खाल्ले असतील आणि किती वृद्धांना, रात्रभर वारा घालणाऱ्या सुनेची कीव येऊन, आपण घरच्यांना जड झालो असे वाटले असेल, याची नोंद कोणत्याच दफ्तरी सापडायची नाही.

आमच्या आळीतील वृद्ध स्त्रियांनी यावर एक उपाय काढला होता आणि तो मला आजही सुज्ञपणाचा वाटतो. वीज गेली, की ती आता रात्रभर येणार नाही असे त्या धरूनच चालत. अंगणात अंथरुणे पडत, मुलांना गोलाने बसवून परवचा म्हणवून घेतला जाई आणि ज्यांच्यात दिवसा बोलणेही नसे अशा दोन घरांतील माणसे एकाच ओट्यावर येऊन टेकत. त्यांच्या शांतीचा उगम आशेत नव्हता. वाट पाहणे त्यांनी सोडून दिले होते, यात तो होता. मग मध्यरात्री केव्हातरी दिवे लागत, ‘आली!’ असा एकच कल्लोळ साऱ्या आळीतून उठे आणि त्या ओरडण्यात लहानथोर सारखेच सामील असत.

वीज जाण्याचे कारण समजण्यानेही मनाला थोडा आधार मिळतो. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अवघड. जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते, आणि मागणी वाढून पुरवठा अपुरा पडला म्हणजे जाळ्याची ५० हर्ट्झची वारंवारिता घसरू लागते. जाळ्यावरचा ताण वेळीच आवरला नाही तर सारेच जाळे कोसळते, हे ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताने एकाच दिवशी अनुभवले. तेव्हा एका गावाचा दिवा मालवला जातो तो पुष्कळदा शेकडो गावांचे दिवे राहावेत म्हणून, हे मला पटते. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ साली बंद पडला आणि मागणी मात्र वाढतच राहिली, तेव्हा तुटवडा येणारच होता, हेही पटते.

पण तो तुटवडा कोणाच्या वाट्याला किती यावा, हा प्रश्न निराळा. गळती आणि थकबाकी यांच्या प्रमाणावरून वीजवाहिन्यांचे गट पाडले गेले, आणि ज्या वाहिनीवर आकडे टाकणारे अधिक तिच्यावर अंधारही अधिक, असा न्याय ठरला. वसुलीच्या दृष्टीने तो सोयीचा असेल. परंतु त्याच वाहिनीवर दरमहा नेमाने बिल भरणाऱ्या विधवेला शेजाऱ्याच्या चोरीची शिक्षा भोगावी लागे आणि आपला अपराध कोणता हे तिला कोणीच समजावून सांगू शकत नसे. इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या यंत्रमागावरील कामगाराची मजुरी कापडावर ठरते. माग थांबला की तीही थांबते. त्याला अंगणात अंथरूण टाकून प्रतीक्षा सोडून द्यायला सांगणे निष्ठुरपणाचे होईल.

आणि शेतकऱ्याची गोष्ट तर याहून कठीण, कारण त्याची वीज जात नाही, ती अपरात्री येते. शेतीपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी पाळीपाळीने वीज देण्याची वहिवाट पडली, आणि रात्रीची पाळी आली की डिसेंबरच्या कडाक्यात, बॅटरीच्या उजेडात, गव्हाला पाणी धरायला माणूस चिखलात अनवाणी उतरतो. बांधावर सर्प असतो. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्या असतो. मोटार मध्येच बंद पडली तर वीज गेली की फ्यूज, हे पाहायला त्याला डीपीपर्यंत अंधारातून चालत जावे लागते. घरी त्याची बायको, दिवा चालू असूनही, जागीच असते. तिच्या त्या जागरणाला मी विजेच्या प्रश्नातील सर्वांत मोठे दुःख मानतो. आणि दिवसा पाणी देता यावे म्हणून सौर कृषिवाहिन्यांची जी तजवीज चालू आहे, तिचे मोल मेगावॅटपेक्षा या एका गोष्टीवरून ठरावे असे मला वाटते.

एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई झाली आणि भारनियमन पुन्हा आले. ते पुढेही केव्हातरी येईल. ज्यांच्या हाती उपकेंद्राचा दूरध्वनी आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की तो त्या दिवशी उचलावा, आणि दुरुस्तीस चार तास लागणार असतील, तर ‘येईल थोड्या वेळात’ असे न म्हणता चार तासच सांगावेत.